वढू नको, इचार

शोभा, तुझ्या दारावर मैना नाचली.

खोटं सांगत नाही. तुझं दहावं अजून व्हायचं होतं. ओसरीवर सतरंजी अंथरलेली, दारावर भेटायला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून बसलेल्या, आणि भाऊ मैनेला पाण्यावर न्यायला अंगणातून निघाला. त्याला कुठलं भान? दोरीचे मनगटाला वेढे दिले, मूठ आवळली आणि ओढलं. झालं! मैनेनं मान ताठ केली, एक पाय उचलला, मग दुसरा, आणि अंगणाच्या मधोमध, ढोल नाही की ताशा नाही, बाई ठुमकायला लागल्या. भाऊ जितका ओढे तितकी ती जोरात नाचे. मोठी आत्या सतरंजीवरून अर्धी उठली आणि ओरडली, "आरे देवा! मयतीना घरमा घोडी नाची ऱ्हायनी!"

मला हसू आलं. तोंडात पदराचा बोळा कोंबला तरी आवरेना. शेजारच्या बाईला वाटलं, नणंदेला हुंदका सोसवत नाहीये, म्हणून तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिचा हात लागला आणि मग खरंच रडू फुटलं. मैना का नाचते ते त्या सगळ्या बायकांत मला एकटीला नीट ठाऊक होतं. मला हसताना बघून जिनं डोळा मारला असता, ती तू नव्हतीस.

तू माझी भावजय, पण त्याआधी वर्गातली मैत्रीण. एरंडोलच्या शाळेत एका बाकावर बसून आपण एकमेकींच्या वहीत बघून गणितं चुकवली. मग तुझं लग्न माझ्याच भावाशी ठरलं, आणि आई मला बजावत राहिली, "आते तरी वहिनी म्हन तिले." मी कधी म्हटलं नाही. तुला त्याचा राग नव्हता. उलट कुणी पाहुणा समोर असला की तूच मला मुद्दाम 'वन्सं' म्हणायचीस आणि माझं तोंड बघून गालात हसायचीस. आता तर आईही नाही. आज म्हणून बघितलं, एकटीच होते खोलीत. 'वहिनी.' जमलं नाही. तू शोभाच.

आपलं घर घोडीवाल्यांचं. एरंडोलपासून धरणगावपर्यंत कितीतरी नवरदेव आपल्या घोडीवर बसून लग्नाला गेले असतील. मैनेला भाऊनं सारंगखेड्याच्या बाजारातून आणलं तेव्हा ती शिंगरू होती. तिला नाचायला त्यानंच शिकवलं. दोरीला झटका दिला की पाय वर. पुन्हा झटका, दुसरा पाय वर. तिच्या डोक्यात ते इतकं पक्कं बसलं की दोरी ताणली म्हणजे वरात निघाली, एवढंच तिला कळायचं.

पुढे डीजे आले. पारोळ्याकडच्या एका वरातीत स्पीकरच्या त्या भिंतीसमोर मैना थरथरत उभी राहिली, ती हललीच नाही. नवरदेव खाली उतरला आणि फेटा सांभाळत मांडवापर्यंत चालत गेला. भाऊची सगळ्या पंचक्रोशीत शोभा झाली. (हा विनोद तुझाच. दर वेळी तोच करायचीस आणि दर वेळी नव्यानं हसायचीस.) तू तेव्हा धुळ्याच्या मुलींच्या वसतिगृहातली अधीक्षिकेची नोकरी सोडून नुकतीच घरी आली होतीस. रात्री मैनेच्या अंगावर हात फिरवत तू म्हणालीस, "हाई आते वरातमा जावाव नही."

भाऊ तडकला. "मंग काय करशी तिनं? लोनचं घालशी?"

"पोरेससंगे चालाडसू."

भाऊनं कपाळाला हात लावला. मी जळगावहून आले होते, मीही नाक मुरडलं. पोरांबरोबर चालवणार म्हणजे काय? सर्कस काढणार की काय ही? मग तू मला समजावत बसलीस. वसतिगृहात तू किती वर्षं मुली बघितल्यास. पहिल्या नंबरानं पास होणाऱ्या, पण कँटीनवाल्यानं सुटे पैसे कमी दिले तर तोंड न उघडणाऱ्या. साध्या बोलण्यावरून ताट आपटणाऱ्या. घरून फोन आला की आधी माफी मागणाऱ्या. "त्यांना मी भाषणं दिली गं," तू म्हणालीस. "खूप दिली. माझी भाषणं छान व्हायची. पोरींवर काही परिणाम व्हायचा नाही." घोड्याच्या पाठीवर न बसता, नुसतं शेजारून चालवून मुलांना बोलायला-वागायला शिकवतात, हे तू कुठंतरी वाचलं होतंस, फोनवर बघितलं होतंस, पुण्याकडे जाऊन चार दिवस राहून शिकलीही होतीस. आणि आपल्या गोठ्यात तर एक जन्माची नाचरी बसून होती.

घरामागच्या मोकळ्या जागेत, लिंबाच्या सावलीत, दर रविवारी आसपासची मुलं यायला लागली. तुझी ती पहिली सकाळ मी मुद्दाम बघायला आले होते, फजिती बघायला. झालीही. ज्यानं दोरी हातात घेतली त्यानं ओढली, आणि ज्यानं ओढली त्याच्यापुढे मैना नाचली. बाकीची मुलं पोट धरून हसली. दोरी धरणाऱ्याचे कान लाल. तो आणखी ओढे, ही आणखी नाचे. मला वाटलं, संपलं हिचं प्रकरण.

तू मात्र मजेत उभी. ओरडली नाहीस, धावली नाहीस. एवढंच विचारलंस, "आता काय झालं? तू काय केलंस, नि ती काय समजली?" मुलगा घुश्शात म्हणाला, "ती ऐकतच नाही." तू म्हणालीस, "ऐकते की. तू नाच म्हणालास, ती नाचली." आणि मग ते तुझं वाक्य आलं, जे पुढं दर रविवारी त्या मैदानावर घुमायचं: "वढू नको, इचार."

दोरी सैल सोडायची. खांदे खाली. श्वास सोडायचा. जायचं तिकडं बघायचं आणि पाऊल टाकायचं. की मैना डोकं खाली घालून गुमान शेजारून चालायला लागायची. ती चालायला लागली की त्या पोराच्या तोंडावर जे यायचं, ते बघायला मी पुढं दर रविवारी जळगावहून एसटीनं येत राहिले. तुला मात्र सांगायची, भाऊला भेटायला येते.

माणूस घाबरला की ओढतो, चिडला की ओढतो, लाजला तरी ओढतो. हे मी शाळेत इतकी वर्षं मराठी शिकवून शिकले नव्हते. तुझ्या नाचऱ्या घोडीनं दाखवलं.

त्या 'इचार'वरून आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, लक्षात आहे ना? मैदानाला बोर्ड लावायचा होता. मी म्हटलं, मी शुद्ध मराठीत लिहून देते: 'ओढू नका, विचारा'. तू म्हणालीस, ते नाही. मी म्हटलं, तेच तर आहे, घोडीला विचारा. तू म्हणालीस, "घोडीले बी इचार, नि सोता बी इचार." मी तुला सांगितलं की स्वतःशी करायचा असेल तर 'विचार कर' म्हणावं लागतं, एका शब्दात दोन्ही बसत नाहीत, क्रियापद लागतं. तू मैनेला खरारा करता करता मान वर न करता म्हणालीस, "घोडीले कोठे व्याकरन ये?" मी चिडून गेले. बोर्ड कोराच राहिला, लिंबाला टांगलेला.

दुसरं भांडण बसण्याचं. सगळ्या मुलांना पाठीवर बसायचं असायचं, आणि मी त्यांची वकील. एकदा तरी बसू दे, म्हणून मी किती मागे लागले. तुझं एकच, "पाठीवर बसलं की घोडी दिसत नाही गं, नुसते कान दिसतात." यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. सुचलं असतं तर तू जाण्याआधी सांगितलं असतं, एवढी तरी खात्री बाळग.

हर्षल आठवतो? एरंडोलच्या हार्डवेअरवाल्या शेठजींचा. बापलेकांत बोलणं बंद, निरोप आईमार्फत. बापाला वाटे पोरानं दुकानात बसावं, पोराला वाटे धुळ्याला जाऊन डिप्लोमा करावा, आणि दोघं मिळून दार आपटत. पोरगा तुझ्याकडे यायला लागून बरेच दिवस झाले तेव्हा शेठजी एकदा तपासणीला आले. पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली. "घोड्याबरोबर फिरून काय शिकतात हो ताई? द्या इकडे." त्यांनी दोरी घेतली आणि ग्राहकाकडून उधारी ओढावी तशी ओढली. मैना जी नाचली! शेठजी मागे सरकतात, ही ठुमकत पुढे. "ओ ताई, ही तर मला नवरदेव समजून राहिली!" सगळी पोरं लोळायची बाकी. मला भीती वाटली, आता हा माणूस चिडणार आणि पोराला घेऊन जाणार.

तू एक पाऊलही पुढे टाकलं नाहीस. हर्षलकडे नुसतं बघितलंस. तो पुढे झाला आणि किती दिवसांनी बापाशी थेट बोलला: "पप्पा, दोरी सोडा थोडी. ती पळत नाही." शेठजींनी त्याच्याकडे बघितलं. मूठ सैल झाली. मैना थांबली. "आता?" बापानं पोराला विचारलं. "आता चाला. तिच्याकडे नका बघू, जायचं तिकडं बघा." दोघं लिंबाला वळसा घालून आले, मध्ये घोडी. परत येईपर्यंत पोरानं डिप्लोमाचं सांगून टाकलं होतं, आवाज न चढवता. शेठजी लगेच हो म्हणाले नाहीत, ते कुठले म्हणतात! पण त्या दिवशी दार कुणी आपटलं नाही. हर्षल सध्या धुळ्याला आहे. सुटीत येऊन दुकानात बसतो, आपणहून.

आणि प्रज्ञा. नशिराबादची, पोलीस भरतीची तयारी करणारी. धावायला लागली की बघत राहावं. पण आवाज असा की शेजारच्याला ऐकू जाऊ नये. मैनेनं तिला पहिल्या दिवशीच ओळखलं. खिशात गूळ आहे का बघायला नाक लावून तिला मागे ढकलत ढकलत कुंपणापर्यंत नेलं. प्रज्ञा म्हणे, "मागे," पण असं म्हणे जणू माफी मागतेय. तू तिला एवढंच सांगितलंस: पाय जमिनीत रोव, तळहात समोर धर, आणि एकदाच म्हण. मैना काही केल्या ऐकेना. कितीतरी रविवार गेले. मी तुला म्हटलंही, अगं त्या पोरीला निदान दुसरं काही करू दे. तू म्हणालीस, "थांब ना. ती बोलणारे." मग एक दिवस प्रज्ञानं हात वर केला आणि म्हणाली, "मागे." ओरडून नाही. मैना दोन पावलं मागे सरली आणि कान टवकारून तिच्याकडे बघत राहिली.

त्यानंतर जळगावच्या एसटीत एक माणूस तिला खेटत होता. पुढच्या रविवारी तिनं ते सगळ्यांसमोर सांगितलं. तिनं तळहात समोर धरला आणि म्हणाली, "मागे." माणूस मागे सरकला. "अक्का, कंडक्टरबी मागे सरकला," ती म्हणाली आणि स्वतःच हसायला लागली. तू हसली नाहीस. मैनेच्या मानेत तोंड खुपसून उभी राहिलीस. तुझे खांदे हलत होते. मी बघितलं होतं, तेव्हा बोलले नाही, आज सांगते.

प्रज्ञाची भरती अजून झालेली नाही, पुढच्या वेळी पुन्हा देणार आहे. पण आता ती 'नाही' म्हणू शकते, आणि कुठली नोकरी याहून मोठी असती? शोभा, मला तुझा अभिमान वाटतो. फार वाटतो. मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तू लगेच म्हणाली असतीस, "वन्सं, ताप उना का?" आता म्हणतेय, तर उत्तर द्यायला तू नाहीस. याला काय म्हणायचं!

दवाखान्यात शेवटी तू मला जवळ बोलावलंस. "रविवारी पोरं येतील," म्हणालीस. "त्यासले सांग..." तेवढ्यात नर्स आली, तुझ्या तोंडावर मास्क लागला, आणि पुढचं राहूनच गेलं. काय सांगायचं होतं? मैदान बंद म्हणून? की येत राहा म्हणून? तेव्हापासून मी ते वाक्य पुरं करत बसलेय. मराठीची बाई मी, गाळलेल्या जागा भरायला आयुष्यभर पोरांना लावलं. ही एक मला भरता येत नव्हती.

त्यात पारोळ्याच्या बँडवाल्याचा फोन. लग्नं तोंडावर आली होती. "मैना मोकळीच शे ना आते?" भाऊ म्हणाला, "देखू." आणि आपल्या भाऊचं 'देखू' म्हणजे होच असतं, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक. मी त्याला म्हटलं, भाऊ, शोभानं तिला वरातीतून काढली होती. तो ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता. म्हणाला, "माले ठाऊक शे. पन आते हाई बठ्ठं, पोरे, मैदान, कोन करी? मी एकला? माले तं ती दोरीबी धरू देस नही. नाचस नुसती." त्याचा आवाज फुटला.

त्यानंतरच्या रविवारी मुलं आली. कुणी बोलावलं नव्हतं. प्रज्ञा होती, हर्षल धुळ्याहून आला होता, बाकीची सगळी होती. येऊन मैदानाच्या कडेला उभी राहिली. मी ओठ उघडले, तुझं वाक्य पुरं करायला, पण माझ्याजवळ वाक्यच नव्हतं. तेवढ्यात भाऊ मैनेला घेऊन आला. त्यानं दाढी केलेली नव्हती. दोरीचे तेच वेढे मनगटाला, तीच आवळलेली मूठ. मैना नाचत होती. कुणीही हसलं नाही.

प्रज्ञा पुढे गेली. तिनं दोरी त्याच्या हातून घेतली नाही. मनगटावरचे वेढे तेवढे सोडवले, आणि तिच्या त्या नव्या आवाजात भाऊला म्हणाली, "नाना, वढू नका. इचारा."

शोभा, आपला भाऊ. ज्यानं तुला लग्नात विचारलं नाही, तू नोकरी सोडलीस तेव्हा का सोडलीस ते विचारलं नाही, गाय विकताना विचारलं नाही, भाजी कुठली करायची हेही कधी विचारलं नाही, सांगून टाकायचा सरळ. तो तिथं उभा राहिला. दोरी हातातून सैल सुटली, जमिनीला टेकली. त्यानं एक लांब श्वास सोडला, इतका लांब की तू गेल्यापासून तो त्यानं आत धरून ठेवला असावा असं मला वाटलं. मैनेचे पाय थांबले. भाऊनं लिंबाकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "येस का व?"

आली. डोकं खाली घालून आली, त्याच्या खांद्याला खांदा लावून. भाऊचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसत नव्हता, चालत होता. मागोमाग सगळी मुलं चालली. त्यांना मी काही सांगायची गरजच उरली नाही.

आपलं पहिलं भांडण तू जिंकलीस, सांगून टाकते. भाऊनं त्या दिवशी घोडीला विचारलं आणि स्वतःशीही काहीतरी केलं, दोन्ही एकाच शब्दात. मी पेंटरला बोलावून बोर्ड रंगवून घेतला: 'वढू नको, इचार'. तुझ्या भाषेत, माझ्या व्याकरणाशिवाय. पेंटरनं विचारलं, ताई, शुद्धलेखन बरोबर आहे ना? मी म्हटलं, एकदम बरोबर. बसण्याचं भांडण मात्र मी सोडलेलं नाही.

काल संध्याकाळी बोर्ड टांगत होतो तर बँडवाल्याचा पुन्हा फोन आला. भाऊनं ऐकून घेतलं. मी स्टुलावर उभी, हातात खिळा, आणि जीव मुठीत. भाऊ म्हणाला, "थांबा, तिले इचारी पाह्यस." फोन हातात तसाच धरून तो मैनेजवळ गेला. तिच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला, चांगला वेळ घेतला. बँडवाला तिकडं हॅलो हॅलो करत होता. मग भाऊनं फोन कानाला लावला.

"नही म्हनस ती."